लेखक, संपादक आणि परकी नजर

आमच्या रामटेकसारख्या तालुक्याच्या गावी पुस्तक निघते तेव्हा त्याच्या जन्माला सारे हजर असतात. अक्षरजुळणी करणारा असतो, मुखपृष्ठ काढणारा असतो, नागपूरचा मुद्रक असतो, प्रकाशन समारंभाचे प्रमुख पाहुणे असतात आणि पेढेही असतात. एकच माणूस बहुधा नसतो, तो म्हणजे संपादक. त्याची जागा कोणी भरून काढायची? तर धर्मगुरूने. निवृत्त शिक्षक, परिचारिका, धर्मशिक्षक, उभे आयुष्य रेल्वेच्या नोकरीत काढलेले गृहस्थ आपापली बाडे घेऊन येतात आणि ‘फादर, जरा नजर घालून द्या’ असे म्हणतात. त्या नजरेचा अर्थ आम्हाला आता पाठ झाला आहे. चार ऱ्हस्वदीर्घ सुधारावेत, एक प्रस्तावना लिहावी आणि बाकी सारे उत्तम आहे असे सांगावे.

अलीकडे एक नवी सोय झाली आहे. वृत्तपत्रांत किंवा प्रकाशनसंस्थांत काही वर्षे काढलेली मंडळी आता घरी बसून, स्वतंत्रपणे, ठरवलेल्या मोबदल्यात हस्तलिखितांवर काम करतात. बाड घेऊन येणाऱ्यांना आम्ही त्यांच्याकडे जाण्याचा सल्ला देतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो असा की, पैसे देऊन मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र सोपे नाही. येथे विकत घेतली जाते ती वस्तू म्हणजे दुसऱ्याचे मत, आणि तेही पुष्कळदा न आवडणारे.

मुळात आपल्या भाषेत ‘संपादन’ या एकाच शब्दाला फार कामे करावी लागतात. वर्तमानपत्र चालवणे हे संपादन, दिवाळी अंक जुळवणे हेही संपादन आणि जुन्या पोथीची शुद्ध प्रत सिद्ध करणे हेही संपादनच. येथील गडावर गेले की मेघदूताची आठवण अटळ असते. त्यातला रामगिरी म्हणजे आमचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्या एवढ्याशा काव्यातले श्लोक नेमके किती यावर टीकाकारांचे एकमत नाही. काश्मीरच्या वल्लभदेवाने १११ श्लोकांवर टीका लिहिली; मल्लिनाथाकडे ते त्याहून अधिक आहेत. कालिदासाचे कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते हे ठरवणे संपादकाकडे येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच अर्थाने. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्याची देवनागरी आवृत्ती मराठी वाचकाच्या हाती पडण्यास १९५६ साल उजाडावे लागले, आणि ते कार्य प्रा. शांताराम बंडेलू यांनी केले. या सर्व संपादकांचे एक सुख असे की, त्यांचा लेखक हयात नव्हता. तो रागावून निरोप पाठवू शकत नव्हता. आपण ज्या संपादकाविषयी बोलत आहोत, त्याचा लेखक समोर बसलेला असतो आणि खर्चही त्याच्याच खिशातून होत असतो.

हयात लेखकांबरोबर संपादकाने कसे वागावे याचा मोठा वस्तुपाठ मराठीत आहे. गिरगावातील मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’ मासिकाचे राम पटवर्धन ही दोन नावे त्यासाठी घ्यावी लागतात. कथा परत येई, परंतु तिच्यासोबत पत्र येई. कोठे वेग मंदावला, कोणते पात्र लेखकाने हातचे सोडले, शेवट लादलेला का वाटतो हे त्या पत्रांत असे. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. याच राम पटवर्धनांनी मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा ‘पाडस’ हा अनुवाद केला. त्या मूळ कादंबरीच्या मागे मॅक्सवेल पर्किन्स हा अमेरिकन संपादक उभा होता. रानातल्या मुलाची गोष्ट लिही, असे लेखिकेला त्यानेच सुचवले आणि पत्रे लिहून तिला त्या वाटेवर ठेवले. १९३८ मध्ये पुस्तक निघाले. एका संपादकाच्या सूचनेतून जन्मलेले पुस्तक मराठीत दुसऱ्या संपादकाने आणावे, हा योग आम्हाला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

अर्थात या घराण्याविरुद्ध बंडही झाले. साठचे दशक संपता संपता राजा ढाले आणि लघुअनियतकालिकांच्या पिढीने ‘सत्यकथे’च्या अभिरुचीवर तुटून हल्ला केला. संपादकाच्या चाळणीतून एकाच घाटाचे साहित्य बाहेर पडते, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. परंतु भागवत-पटवर्धनांचा विचार करताना एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्यांना लेखक पैसे देत नव्हता. त्यांचा पगार, त्यांची प्रतिष्ठा, त्यांचा निर्णय लेखकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याकडे होते.

स्वतंत्र संपादकाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला पैसे देणारा तोच, ज्याचे दोष त्याने दाखवायचे. वैद्याने रोग्याच्या तोंडाकडे पाहून निदान करावे तसा मोह येथे पावलोपावली असतो. गोड बोलले तर पुढचे काम मिळते; कडू बोलले तर ‘आम्ही पैसे दिले आणि वर बोलणी खाल्ली’ अशी ख्याती होते. म्हणून आमच्या मते लेखकाने पहिल्याच भेटीत संपादकाला स्पष्ट सांगावे की, स्तुती घरी पुष्कळ मिळते. आपल्याला ती विकत नको आहे. असे सांगणारा लेखक आपल्या पैशाचे मोल दुप्पट करून घेतो.

सोपवलेले काम करणाऱ्या संपादकाची व्यथा आपल्या परंपरेला अनोळखी नाही. इ. स. ३८२ च्या सुमारास पोप दमासस यांनी शुभवर्तमानांच्या लॅटिन प्रती तपासण्याचे काम संत जेरोम यांच्यावर सोपवले. तोवर प्रतींमध्ये इतका फरक पडला होता की, जितक्या प्रती तितके पाठ. जेरोम यांनी ग्रीक मुळाशी ताडून काम पुरे केले आणि प्रस्तावनेत आधीच लिहून ठेवले की, लोक आपल्याला बनावट करणारा म्हणतील, कारण तोंडात रुळलेले शब्द बदललेले कोणालाच आवडत नाहीत. त्याच प्रस्तावनेत त्यांनी आपल्या लेखणीला घातलेला लगामही सांगितला आहे. जेथे अर्थ बिघडत होता तेथेच त्यांनी दुरुस्ती केली. बाकीचे होते तसे राहू दिले. सोळाशे वर्षांनंतरही संपादकाच्या कामाची याहून चांगली मर्यादा आम्हाला ठाऊक नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हस्तलिखितावर होणारे काम एकजिनसी नसते. त्याचे निदान तीन थर असतात आणि बहुतेक गैरसमज ते न ओळखल्याने होतात. पहिला थर पुस्तकाच्या बांधणीचा. आरंभ कोठे, कोणते प्रकरण कशानंतर, काय दोनदा आले, काय सांगायचे राहून गेले. दुसरा थर वाक्यांचा. वाक्य फिरून फिरून येते का, कर्ता हरवला का, एकाच परिच्छेदात ‘अतिशय’ सात वेळा आहे का, पाचव्या पानावर थोरली असलेली बहीण चाळिसाव्या पानावर धाकटी झाली का. तिसरा थर मुद्रितशोधनाचा, म्हणजे छापण्यापूर्वीची प्रुफे अक्षर अक्षर वाचून काढण्याचा. आपल्याकडे बहुतेकांना तिसराच थर ठाऊक आहे आणि ते त्यालाच संपादन समजतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, आणखी चार १९७२ मध्ये. अरुण फडके यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते सामान्यांपर्यंत नेण्यासाठी आयुष्य वेचले. ते काम आवश्यकच आहे. परंतु अठराही नियम पाळून लिहिलेले पुस्तक कंटाळवाणे असू शकते, हे आम्ही वाचक म्हणून सोसले आहे.

तेव्हा लेखकाने संपादकाला विचारावे की, यांपैकी कोणता थर तुम्ही हाताळणार? बांधणीचे काम प्रुफांच्या वेळी होत नाही. पाने लागल्यावर प्रकरण हलवायचे म्हणजे पुन्हा सारी जुळणी, पुन्हा खर्च. आणि वाक्यांचे काम झाल्यावर बांधणी बदलायची म्हणजे जी वाक्ये घासूनपुसून लख्ख केली, त्यांतलीच निम्मी टाकून द्यायची. क्रम उलटला की पैसे आणि उत्साह दोन्ही वाया जातात.

येथे आमच्या वाचकांपुरती एक गोष्ट जोडतो. काही लेखकांना, विशेषतः व्रतस्थ बंधुभगिनींना, वाटते की धर्माधिकाऱ्यांची अनुमती मिळाली म्हणजे पुस्तक तपासून झाले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार नेमलेला परीक्षक पाहतो ते श्रद्धा आणि नीती यांविषयीच्या शिकवणुकीला बाध येतो की नाही एवढेच. ‘निहिल ऑब्स्टॅट’ याचा अर्थ आड येणारे काही नाही इतकाच आहे. तिसरे प्रकरण वाचवत नाही, हे सांगणे त्याच्याकडे नाही.

बांधणीच्या थराचे एक उदाहरण देतो. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी तीनशे पानांच्या आठवणी लिहिल्या. पहिली साठ पाने वंशावळीची होती: कोण कोठून आले, कोणाचे लग्न कोणाशी, कोण कोणत्या साली गेले. त्यांनी नागपुरातील एका संपादिकाबाईंना मोबदला ठरवून बाड दिले. दीड महिन्याने चार पानांची टिप्पणी आली. तिचा गाभा एवढाच होता की, १९७२ च्या दुष्काळात गावाने मिळून विहीर खणली त्या प्रकरणापासून पुस्तक सुरू करावे आणि वंशावळ परिशिष्टात न्यावी. गुरुजी संतापले. आजोबांना परिशिष्टात टाकणारी ही कोण, असे ते म्हणाले. आम्ही त्यांना तो दुष्काळाचा भाग मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. त्यात खडक फोडताना सुरुंग उडत नाही म्हणून रात्रभर जागणारी माणसे होती आणि पाणी लागले तेव्हा पहिला तांब्या कोणी प्यायचा यावरून झालेला वाद होता. त्या वादात आजोबा होते! वंशावळीत जे केवळ नाव होते ते येथे बोलत होते. गुरुजींनी सूचना निम्मी स्वीकारली. विहीर पुढे आली. वंशावळ दहा पानांची झाली आणि दुसऱ्या प्रकरणात राहिली. संपादिकाबाईंनी त्यावर हट्ट धरला नाही, आणि आम्हाला त्यांची हीच गोष्ट अधिक आवडली.

भाषेच्या थराचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्यासाठी ‘स्मृतिचित्रे’ समोर ठेवावी. लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकल्या नाहीत. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांचे लेखन ‘संजीवनी’तून आले आणि पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. ते घरच संपादकांचे होते. रेव्हरंड टिळक पूर्वी नागपुरात संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराच्या नोकरीत होते, पुढे ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी संपादिला, मुलगा देवदत्त स्वतः लेखक आणि संपादक. अशा घरात अल्पशिक्षित बाईचे लेखन ‘सुधारून’ टाकणे किती सोपे होते! आज एखादा उत्साही संपादक त्या बाडाला लागला तर काय करील याची कल्पना करून पाहा. टिळकांचा १८९५ मधील बाप्तिस्मा आणि त्यानंतरची पतिपत्नींची ताटातूट ही ‘मोठी घटना’ तो आरंभी आणील. वडिलांच्या कमालीच्या सोवळ्याची ती लांबलचक, हसवता हसवता अंगावर काटा आणणारी हकिगत तो कापील. बोलता बोलता वळणारी वाक्ये सरळ करील. आणि पुस्तक मरेल. कारण त्या सोवळ्याच्या ओझ्याखाली वाढलेली मुलगी आपण आधी पाहिलेली असते, म्हणूनच पुढे तिच्या पायांखालची जमीन सरकते तेव्हा आपल्यालाही धक्का बसतो. बांधणी तेथे आहे. ती पुस्तकी नाही, इतकेच. पुढे देवदत्त टिळकांनी साहित्य अकादमीसाठी याच ग्रंथाचा संक्षेप केला आणि नातू अशोक टिळक यांनी संपूर्ण आवृत्ती टिपांसह सिद्ध केली. संक्षेपाचा उपयोग आहेच. तरी आम्ही कोणालाही संपूर्ण पुस्तकच द्यावे या मताचे आहोत.

आमच्या भागातील लेखकांना हे विशेष लागू आहे. येथला माणूस ‘येत आहे’ म्हणत नाही, ‘येऊन राहिला’ म्हणतो. ‘का’ विचारत नाही, ‘काऊन’ विचारतो. वसईच्या बंधूंची सामवेदी तर प्रमाण मराठीपासून आणखी दूर. संवादांतले असे शब्द अशुद्ध म्हणून खोडणारा संपादक नियम जाणतो, माणूस जाणत नाही. उलट, निवेदनात प्रमाण भाषा आणि संवादात बोली, असे ठरवून लेखक मध्येच घसरला तर ते दाखवणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे. चांगला संपादक अशा ठिकाणी खोडत नाही. समासात प्रश्न लिहितो. ‘हे मुद्दाम की अनवधानाने?’ समासातले असे प्रश्न मोजावेत. ज्या परत आलेल्या बाडात दुरुस्त्या शेकडो आणि प्रश्न एकही नाही, तेथे संपादकाने स्वतःचेच पुस्तक लिहिले असे खुशाल समजावे.

हे टोकाला गेले म्हणजे काय होते ते अमेरिकेत रेमंड कार्व्हर या कथाकाराच्या बाबतीत दिसले. त्यांच्या १९८१ च्या प्रसिद्ध कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिश यांनी काही कथा निम्म्याहून अधिक छाटल्या. छपाई थांबवा, अशी कळवळून विनंती कार्व्हर यांनी पत्राने केली. संग्रह छापला गेला तो छाटलेलाच, आणि गाजलाही. मूळ कथा लेखकाच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, वेगळ्या पुस्तकाने वाचकांपुढे आल्या. कोणते रूप सरस यावर समीक्षक अजून भांडतात. आमच्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम आहे. लेखक नको म्हणत असताना हात चालू राहिला, तेथेच संपादनाची हद्द संपली होती.

आपल्याकडे कायदा लेखकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. तो हक्क दुसऱ्याकडे जायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मोबदला घेऊन बाड तपासले म्हणून संपादकाचा त्यावर हक्क होत नाही. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीची कीर्तीला बाधक अशी मोडतोड झाल्यास लेखक तक्रार करू शकतो. परंतु धर्मग्रामातील आठवणींच्या पुस्तकासाठी कोणी न्यायालयात जाऊ नये. एका कागदावर आधीच लिहून घ्यावे: कोणता थर, किती पाने, किती दिवस, दुरुस्त मजकूर लेखक पुन्हा पाहणार की नाही, आणि मोबदला कोणत्या टप्प्यावर. ‘पान’ म्हणजे हाताने लिहिलेले पान की छापील, यावरूनही भांडणे होतात. शब्दसंख्येवर ठरवलेले बरे. काम सोपवण्यापूर्वी आठ-दहा पाने नमुन्यादाखल तपासून घ्यावीत आणि त्यासाठी वेगळे पैसे द्यावेत. त्या पानांवरून संपादक कळतो, आणि संपादकालाही लेखक कळतो. आणखी एक किरकोळ वाटणारी, पण जिवावर उठणारी बाब: मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांत टंकलेला असेल आणि संपादक युनिकोडमध्ये काम करीत असेल, तर रूपांतरात जोडाक्षरे फुटतात. ‘वाऱ्यावर’ आणि ‘कैऱ्या’ यांसारखे शब्द आधी पाहावेत.

संपादकाकडून काय अपेक्षू नये हेही सांगितले पाहिजे. तो प्रकाशक मिळवून देण्यास बांधलेला नाही. पुस्तक खपेल, पुरस्कार मिळेल, असे जो आधीच सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. आणि लिहिलेलेच नाही ते तो लिहून देणार नाही. तसे करणारे असतात, पण त्या व्यवहाराचे नाव वेगळे आहे.

आठवणींच्या बाबतीत मात्र त्याच्याकडून एक कठीण सेवा मिळू शकते, आणि आम्हाला ती साऱ्यांत मोलाची वाटते. आपल्या पुस्तकांतली माणसे पुष्कळदा त्याच धर्मग्रामात राहत असतात. जमिनीच्या वाटणीवरून भावाशी झालेला तंटा, सुनेने केलेला अपमान, पूर्वीच्या एखाद्या धर्मगुरूंचा पक्षपात, हे सारे लेखकाने तीन पाने भरून लिहिलेले असते आणि घरातला कोणीही ‘हे काढा’ म्हणण्यास धजत नाही. धर्मगुरू म्हणाला तर तो कोणाची तरी बाजू घेतो असे होते. परका संपादक विचारू शकतो: ही व्यक्ती हयात आहे काय? तिची बाजू तुम्ही ऐकली आहे काय? हा तंटा काढला तर पुस्तकातले काही कोसळते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर तंटा ठेवावा आणि नीट, दोन्ही बाजूंनी लिहावा. नकारार्थी असेल तर ती तीन पाने लेखकाने लिहिली, मन हलके झाले, त्यांचे काम झाले.

राहता राहिला संपादकाच्या नावाचा प्रश्न. आपल्या पुस्तकांत श्रेयनामावलीच्या पानावर मुद्रक असतो, अक्षरजुळणी असते, मुखपृष्ठ असते. संपादकाचे नाव बहुधा नसते. काही संपादकांना तेच हवे असते, कारण लेखकाने न ऐकलेल्या सूचनांचे ओझे त्यांना स्वतःच्या नावावर नको असते. म्हणून शेवटचे प्रूफ पाहून झाल्यावर त्यांना विचारावे, आणि ते म्हणतील तसे करावे.